सिकंदर, पोरस आणि झेलमकाठच्या त्या रात्री

पानगळ (धागाकर्ता)

दर दोन-तीन महिन्यांनी नात्यातल्या कुठल्या तरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर तोच संदेश येतो: झेलमच्या लढाईत पोरसच जिंकला होता, ग्रीकांनी ते दडवलं. परवा भाच्याने तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, खरं काय?" उत्तर लिहायला बसलो. लिहिता लिहिता लक्षात आलं की मला जे सांगायचं आहे ते हारजितीचं नाहीच. त्या लढाईत मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो तो भाग हत्ती समोर उभे राहण्याच्या आधीचा आहे. नदी ओलांडण्याचा. म्हणून हा धागा.

इ.स.पू. ३२६ चा उन्हाळा. वितस्ता, म्हणजे आजची झेलम (ग्रीक तिला हायडास्पीस म्हणत), दुथडी भरून वाहतेय. वर डोंगरात बर्फ वितळतंय आणि पावसालाही सुरुवात झालेली. पश्चिम काठावर सिकंदराची छावणी, सोबत तक्षशिलेच्या आंभीचे ५,००० सैनिक. समोरच्या काठावर पोरस, हत्ती घेऊन. जिथे जिथे उतार मिळण्याची शक्यता, तिथे तिथे त्याने पहारे बसवलेले.

सिकंदराची खरी अडचण पाणी ही नव्हती. अडचण घोड्यांची होती. हत्तींचा वास आणि चीत्कार यांची सवय नसलेला घोडा हत्ती दिसताच बिथरतो. तराफ्यावर उभे असलेले घोडे समोरच्या काठावर हत्ती बघून मध्येच पाण्यात उड्या घेतील, ही धास्ती होती. घोडदळाशिवाय सिकंदराची लढाई उभीच राहत नाही. म्हणजे समोरासमोर नदी ओलांडणं अशक्य.

मग त्याने काय केलं? पहिलं, आजूबाजूच्या मुलखातून धान्याची पोतीच्या पोती छावणीत आणून ओतली. पोरसाच्या हेरांनी बघावं आणि समजावं, की हा आता हिवाळ्यात पाणी उतरेपर्यंत हलत नाही. दुसरं, रोज रात्री घोडदळ काठाकाठाने पळवायचं, रणगर्जना करायच्या, शिंगं फुंकायची. आवाज जिकडे जाईल तिकडे पोरस पलीकडून हत्ती घेऊन धावायचा. पोहोचला की इकडे सामसूम. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री पुन्हा. लांडगा आला रे आला! शेवटी पोरसाने रात्रीचं धावणं सोडून दिलं आणि नुसत्या चौक्यांवर भिस्त ठेवली.

मला पोरसाला दोष द्यावासा वाटत नाही. हत्ती रोज रात्री चिखलातून पळवले तर ते आणि माहूत दोघेही लढाईच्या आधीच संपतील. त्याच्या जागी कुठलाही शहाणा सेनापती हेच करता.

छावणीपासून वरच्या अंगाला साधारण २७ किलोमीटरवर नदीला एक वळण होतं, काठाला दाट झाडी आणि समोर झाडीनेच झाकलेलं एक बेट. तिथून पार व्हायचं ठरलं. क्रॅटेरस या सरदाराला छावणीत ठेवलं. हुकूम असा: पोरस सगळे हत्ती घेऊन माझ्यावर चालून आला तरच नदी ओलांडायची, थोडे हत्तीही समोर राहिले तर जागचं हलायचं नाही. छावणी आणि वळण यांच्या मध्ये भाडोत्री सैन्याच्या तुकड्या पेरून ठेवल्या. राजाच्या तंबूसमोर त्याच्याच अंगलटीचा एक माणूस राजाच्या पोशाखात उभा केला, असंही एका रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

त्या रात्री वादळ झालं. विजा, गडगडाट, धो धो पाऊस. तराफे जोडण्याचा, शस्त्रांचा, माणसांचा सगळा आवाज पावसाने गिळला. पहाटेच्या सुमाराला पाऊस थांबला आणि साधारण ५,००० घोडेस्वार आणि ६,००० पायदळ पाण्यात उतरलं. पार झाले, काठाला लागले, आणि कळलं की हा काठच नाही. दुसरं बेट आहे! पलीकडे अजून एक ओहोळ, रात्रीच्या पावसाने फुगलेला. उतार शोधता शोधता नाकी नऊ आले. माणसं छातीपर्यंत पाण्यात, घोड्यांची फक्त डोकी वर. तसेच गेले.

सिकंदर ज्या तीस वल्ह्यांच्या नावेतून गेला तिच्यात त्याच्यासोबत पर्डिकस, लिसिमाकस, टॉलेमी आणि सेल्युकस हे त्याचे सरदार होते. पुढे पर्डिकस टॉलेमीवर चालून जाताना इजिप्तमध्ये स्वतःच्याच माणसांकडून मारला गेला आणि लिसिमाकस इ.स.पू. २८१ मध्ये सेल्युकसाविरुद्ध लढताना पडला. तो सेल्युकस म्हणजे आपल्या चंद्रगुप्ताकडून ५०० हत्ती घेणारा. एका ओल्या नावेत तेव्हाच्या जगाचं पुढचं अर्धं शतक बसलं होतं.

लढाईबद्दल खाली सविस्तर लिहितो. आधी जाणकारांनी या नदी ओलांडण्यावर बोलावं अशी इच्छा आहे.

चाफा

वाचनखूण साठवली. नावेचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

जुना फौजी

पानगळ, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. लष्करात माझी बरीच वर्षं नदीवर पूल टाकण्यात आणि उतार शोधण्यात गेली, म्हणून थोडं लिहितो.

नदी ओलांडताना लोक अलीकडचा काठ बघतात. अनुभवी माणूस पलीकडचा बघतो. पाण्यात उतरणं सोपं असतं. भिजलेला, थकलेला, ओझ्याने वाकलेला जवान समोरच्या निसरड्या काठावर चढतो तो क्षण जीवघेणा. तिथे मूठभर माणसं उभी असली तरी अख्खी तुकडी बुडवू शकतात. म्हणून मध्ये बेट असलेली जागा निवडणं हे पक्क्या माणसाचं काम आहे. बेटाआडून तुम्ही अर्ध्याहून जास्त नदी न दिसता पार करता. दुसऱ्या बेटाची चूक झाली, कारण रात्री समोरच्या काठाची पाहणी करता आली नसणार. अशी चूक आम्ही सरावातही केलेली आहे, दिवसाढवळ्या, हातात नकाशा असताना.

अजून एक गोष्ट, जी या लढाईच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. नावा आल्या कुठून? सिंधू नदीवर आधी वापरलेल्याच नावा होत्या. सिकंदराने कोइनस नावाच्या सरदाराला मागे पाठवून त्या कापून आणवल्या. लहान नावेचे दोन तुकडे, तीस वल्ह्यांच्या मोठ्या नावेचे तीन. गाड्यांवर घालून खुष्कीच्या मार्गाने झेलमपर्यंत आणल्या आणि झाडीत लपवून पुन्हा जोडल्या. याखेरीज कातड्याच्या पखालींत सुकं गवत भरून शिवून त्यांचे तराफे केले. हीच युक्ती त्यांनी तीन वर्षं आधी मध्य आशियात ऑक्सस, म्हणजे आमूदर्या, ओलांडताना वापरली होती. तिथे तर तंबूंचं कातडं वापरलं, कारण लाकूडच मिळेना.

नाव कापून ती पुन्हा पाणी न गळता जोडायची म्हणजे सुतार किती नामी असतील! त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, याची मला खंत वाटते.

घाटमाथा

फौजीकाकांचा प्रतिसाद वाचून बागपत आठवल्याशिवाय राहिलं नाही. ऑक्टोबर १७६०. भाऊसाहेब कुंजपुरा जिंकून उत्तरेला, यमुना अजून फुगलेली, आणि ही नदी अब्दाली इतक्यात ओलांडत नाही असा आपल्याकडे भरवसा. त्याने बागपतजवळ उतार शोधला, वाहून गेलेल्यांची पर्वा केली नाही, आणि फौज अलीकडे आणली. तिथून दिल्लीची वाट त्याच्या हाती गेली. पुढचे अडीच महिने पानिपतावर आपली रसद तुटत गेली, ती १४ जानेवारीपर्यंत.

दोन्हीकडे फरक आहे, तो सांगतो. पोरसाने पहारे ठेवले होते. चौकीवाल्यांनी बेट ओलांडून येणारं सैन्य पाहिलं आणि लगेच घोडे पळवून राजाला खबर दिली. म्हणजे त्याची व्यवस्था फसली नाही, फक्त काही तास मागे पडली. यमुनेवर आपले तसे पहारे असते तर? हा प्रश्न मला शाळेपासून छळतो.

रानवाट

लेख छान, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत असं वाटलं. सिकंदर जिंकला असेल तर त्याने पोरसाला राज्य परत का दिलं? वर आणखी मुलूख का दिला? आणि इतकं जिंकून सैन्याने पुढे जायला नकार का द्यावा? जेत्याचं सैन्य असं वागतं का? आपल्या बाजूची कुठलीच नोंद नाही, सगळं ग्रीकांनी लिहिलेलं. मी हे वाद घालायचा म्हणून विचारत नाही, मला खरंच कळून घ्यायचं आहे.

पानगळ (धागाकर्ता)

रानवाट, बगल दिलेली नाही, लढाईचा भाग लिहायचा राहिला होता. तो आधी सांगतो, मग तुमचे तिन्ही प्रश्न घेतो.

खबर मिळताच पोरसाने मुलाला २,००० घोडेस्वार आणि १२० रथ देऊन पुढे पाठवलं. रात्रभराच्या पावसाने जमिनीचा चिखल झालेला, रथ रुतले. मुलगा पडला, त्याच्यासोबत ४०० स्वार पडले. मग पोरस स्वतः निघाला. अलेक्झांड्रियाच्या, अथेन्सच्या ग्रंथांतून ग्रीक इतिहासकार एरियनने घेतलेले आकडे असे: ३०,००० पायदळ, ४,००० घोडदळ, ३०० रथ, २०० हत्ती. काही हत्ती त्याने क्रॅटेरसच्या समोर मागे ठेवले. त्याने रेताड, टणक जमीन निवडली, पुढे हत्तींची रांग, दोन हत्तींमध्ये शंभर फुटांचं अंतर, मागे पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ आणि त्यांच्यापुढे रथ. हातातल्या साधनांनी याहून चांगली मांडणी मला तरी सुचत नाही.

सिकंदराने हत्तींना हातच लावला नाही. घोडदळात त्याचं पारडं जड होतं, म्हणून सगळा भार त्याने पोरसाच्या डाव्या बगलेवर टाकला. आधी मध्य आशियातले १,००० घोडेस्वार तिरंदाज सोडले, मग स्वतः चढाई केली. उजव्या बगलेचं भारतीय घोडदळ मदतीला डावीकडे वळलं, आणि कोइनस (हो, तोच नावा आणणारा) त्यांच्या पाठीवर येऊन पडला. दोन्हीकडून मार बसलेलं घोडदळ मागे सरून आपल्याच हत्तींच्या रांगेत घुसलं. पुढे जे झालं ते भीषण. हत्ती कोंडले गेले, माहूत भाल्या-बाणांनी टिपले गेले, आणि जखमी जनावरांनी आपला-परका न बघता तुडवायला सुरुवात केली. मॅसिडोनियन सैनिकांना मागे सरायला मोकळी जागा होती, पोरसाच्या माणसांना नव्हती. शेवटी थकलेले हत्ती तोंड शत्रूकडेच ठेवून, चीत्कार करत, एकेक पाऊल मागे हटले. एरियन म्हणतो, वल्ही उलटी मारत मागे सरणाऱ्या जहाजांसारखे. भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचं. त्याचं एक टोक जमिनीवर टेकवून बाण सोडायचा. चिखलात ते टेकेना, हेही नोंदलेलं आहे.

पोरस उजव्या खांद्याला जखम होऊनही हत्तीवरून लढत राहिला. इराणचा दारियस दोन लढायांत रणांगण सोडून पळाला होता. हा पळाला नाही. बोलणी करायला आंभी आला, तर त्याच्यावरच भाला उगारला. मग जुना मित्र मेरोस आला, तेव्हा खाली उतरला. "कसं वागवू?" "राजासारखं." हा संवाद आपल्याला पाठच आहे.

आता तुमचे प्रश्न. राज्य परत देणं हा सिकंदराचा नेहमीचा रिवाज होता. कॅरियाच्या राणी अडाला तिचा प्रांत दिला. गॉगामेलाला, दारियसशी झालेल्या लढाईत, त्याच्याविरुद्ध लढलेल्या मॅझियसला त्यानेच बाबिलोनचा सुभेदार केलं. पंजाबात ठेवायला त्याच्याकडे माणसं नव्हती, आणि स्वतःच्या मुलखात ज्याचा शब्द चालतो असा शूर राजा आंभीवर वचक म्हणून हवाच होता. शिवाय लढाईनंतर काही आठवड्यांतच पोरस ५,००० सैनिक आणि उरलेले हत्ती घेऊन पंजाबातल्या सांगलाच्या वेढ्यात सिकंदराच्या बाजूने हजर होता. लढाई जिंकणारा राजा असं करत नाही.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते मला मान्य करायचं आहे. सिकंदराच्या मृतांचा आकडा एरियन ३१० देतो, डायोडोरस हा दुसरा प्राचीन इतिहासकार जवळपास हजार. एकाच लढाईचे दोन आकडे इतके वेगळे असतील तर कोणीतरी झाकतंय. आणि सिकंदराचं चरित्र लिहिणारा प्लुटार्क स्पष्ट लिहितो की पोरसाशी झालेल्या लढाईने मॅसिडोनियन लोकांची धार बोथट झाली. हत्तींची धास्ती सैन्याच्या मनात बसली. बियास नदीवर त्यांना कळलं की पुढच्या राजाकडे हजारो हत्ती आहेत. प्लुटार्कचा आकडा ६,००० चा. तिथे पाय अडले. पोरस लढाई हरला, तरी सिकंदराचं पुढचं पाऊल अडवण्यात त्याचा मोठा वाटा होता असं मी म्हणेन. सलग दोन महिने कोसळणारा पाऊस आणि आठ वर्षांची पायपीटही त्यात होतीच.

आणि बियासवर राजासमोर उभं राहून "आता परत चला" हे बोलला कोण? कोइनस. नावा कापून आणणारा, पाठीवर हल्ला करणारा. परतीच्या वाटेवर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून गेला.

रानवाट

पटलं. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. संदेश पुढे पाठवणं बंद करतो.

एक दुरुस्ती मात्र: "अलेक्झांड्रियाच्या, अथेन्सच्या ग्रंथांतून" असं लिहिलंय तुम्ही. एरियनने टॉलेमीचं लिखाण वापरलं ना?

पानगळ (धागाकर्ता)

बरोबर पकडलंत, ते वाक्य घाईत चुकीचं लिहिलं गेलं. एरियन इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याचा मुख्य आधार टॉलेमी आणि अ‍ॅरिस्टोबुलस, दोघेही मोहिमेत हजर. म्हणजे त्या नावेतल्या एका माणसाची साक्ष चारशेहून जास्त वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचवणारा लेखक. साक्षीदार सरदाराची बाजू मांडणार हे ध्यानात ठेवूनच वाचावं लागतं.

शब्दवेधी

"आपल्या बाजूची कुठलीच नोंद नाही" यावर थोडी भर. झेलमच्या लढाईची नाही हे खरं. पोरस हे नावही ग्रीक कानांनी ऐकलेलं. बहुतेक अभ्यासक ते 'पौरव' या कुलनामाशी जोडतात. पण परतीच्या मार्गावर सिकंदराशी लढलेल्या दोन गणांची नावं आपल्या व्याकरणात जिवंत आहेत. ग्रीक ज्यांना मल्लोई आणि ऑक्सिड्राकाई म्हणतात ते मालव आणि क्षुद्रक. पतंजलीच्या महाभाष्यात 'क्षौद्रकमालवी सेना' या शब्दाच्या सिद्धीची चर्चा आहे. दोन गणांच्या संयुक्त सेनेसाठी व्याकरणकारांना वेगळा नियम सांगावा लागला! तिथेच 'एकाकिभिः क्षुद्रकैर्जितम्' असंही उदाहरण येतं, क्षुद्रकांनी एकट्यानेच जिंकलं. कोणावर जिंकलं ते पतंजली सांगत नाही, त्यामुळे ते सिकंदराशी जोडायची घाई मी करणार नाही. पण वर्गात हे सूत्र शिकवताना मला प्रत्येक वेळी मुलतानजवळचा तो तट दिसतो.

त्या तटावर सिकंदर शिडीने चढला, मागच्यांच्या गर्दीने शिड्या मोडल्या, आणि तो दोन-तीन माणसांसह आत एकटा पडला. बाण छातीत घुसला. प्यूकेस्टसने त्याच्यावर ढाल धरली म्हणून वाचला. चिडलेल्या सैन्याने मग त्या गावात बायका-मुलंही सोडली नाहीत.

बंदरकाठ

पानगळ, लढाईआधीचं कामच खिळवून ठेवतं हा तुमचा मुद्दा मला टायर या बंदराच्या वेढ्याला जास्त लागू वाटतो. मी आयुष्यभर बंदरांच्या बांधकामात काम केलं. भराव, धक्के, लाटरोधक भिंती. म्हणून टायरचा वेढा मी लढाई म्हणून वाचूच शकत नाही, काम म्हणून वाचतो.

इ.स.पू. ३३२. टायर किनाऱ्यापासून साधारण पाऊण किलोमीटर आत, बेटावर. तट थेट पाण्यातून वर आलेले. सिकंदराकडे तेव्हा आरमार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ते मोडून टाकलं होतं. मग त्याने समुद्रात रस्ता बांधायला घेतला. किनाऱ्यावरचं जुनं टायर पाडून त्याचे दगड, लेबनॉनच्या डोंगरातलं लाकूड. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तळ गाळाचा. खांब चटकन रुततात, गाळच त्यांना धरून ठेवतो. तिथपर्यंत काम भराभर होतं. शहराजवळ पाणी खोल. तिथे भराव गिळायला लागतो. टाकलेल्या दगडातला किती वर येतो आणि किती तळाशी पसरतो, याचा हिशेब ज्याने केलाय त्यालाच ती निराशा कळेल. वर तटावरून बाण आणि बाजूने जहाजांचे हल्ले.

भरावाच्या टोकाला त्यांनी दोन लाकडी मनोरे उभे केले, आगीपासून वाचवायला कातड्यांनी मढवलेले. टायरच्या लोकांनी घोडे वाहणारं एक मोठं जहाज घेतलं, त्यात सुकी लाकडं, डांबर, गंधक भरलं, आणि मागच्या बाजूला वजन टाकून पुढचा भाग पाण्याबाहेर उचलला, म्हणजे ते भरावावर चढेल. वाऱ्याच्या दिशेने सोडलं आणि पेटवलं. मनोरे जळाले, कित्येक आठवड्यांचं काम गेलं. मी टायरच्या त्या अनाम जहाजबांधणीवाल्यांनाही नमस्कार करतो. असा विचार करणारी माणसं दोन्ही बाजूंना होती.

सिकंदराने काय केलं? भराव आणखी रुंद करायला सांगितला आणि स्वतः सिडॉनला जाऊन जहाजं जमवली. इससला दारियसला हरवल्यावर फिनिशियाच्या (टायरच्याच किनाऱ्यावरच्या) इतर शहरांची आणि सायप्रसची आरमारं पक्ष बदलून त्याच्याकडे आली, मिळून दोनशेच्या वर. मग जहाजांवर यंत्रं चढवून तट चाचपायला सुरुवात. टायरवाल्यांनी तटाखाली समुद्रात मोठे दगड टाकून ठेवले होते. ते दोर लावून एकेक उचलून काढले. पाणबुडे येऊन नांगराचे दोर कापायचे, तर दोरांच्या जागी साखळ्या आल्या. सातव्या महिन्यात दक्षिणेच्या बाजूला खिंडार पडलं.

त्या भरावापुढे मग लाटांचं बळ मंदावलं, वाळू साचत गेली, शतकानुशतकं साचत गेली. आज टायर बेट नाही. लेबनॉनमधलं 'सूर' हे शहर किनाऱ्याला जोडलेलं आहे आणि त्या जमिनीवर रस्ते आणि घरं आहेत. आमच्या धंद्यात भरावामुळे किनारा कसा बदलतो हे शिकवायला याहून जुनं उदाहरण मला माहीत नाही.

पण खिंडार पडल्यावर जे झालं ते लिहिल्याशिवाय हा प्रतिसाद पुरा करणं मला बरोबर वाटत नाही. ८,००० मारले गेले, ३०,००० गुलाम म्हणून विकले गेले, आणि २,००० माणसं किनाऱ्यावर क्रुसावर चढवली गेली असंही नोंदलंय. त्या कामाचं कौतुक करताना माझी लेखणी इथे अडते.

जुना फौजी

बंदरकाठ, शेवटचा परिच्छेद लिहिलात हे फार बरं केलंत. आपल्याकडच्या स्वात खोऱ्यात मस्सगाला तर शब्द देऊन मोडला. ७,००० भाडोत्री भारतीय सैनिक तह करून बायका-मुलांसह गडाबाहेर आले आणि रात्री त्यांना वेढून कापलं. प्लुटार्क त्याचा चाहता, तरी त्यानेही याला डाग म्हटलं आहे. सैनिकाच्या नजरेतून सांगतो, दिलेला शब्द मोडून मिळवलेलं ठाणं मी विजयात धरत नाही.

चाफा

ग्रीकांच्या साक्षीवरून चर्चा चालू आहे म्हणून हे सांगते. गॉगामेलाच्या लढाईची ग्रीकेतर नोंद आहे, तीही त्याच वेळी लिहिलेली! बाबिलोनचे ज्योतिषी रोज आकाशाच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर करत, सोबत बाजारभाव, नदीची पातळी आणि मोठ्या घटना. त्यांतली एक पाटी, तुटकी, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात उलूलू महिन्याच्या ११ तारखेला राजाच्या छावणीत घबराट पसरल्याची नोंद आहे, मग १३ तारखेला चंद्रग्रहण, आणि २४ तारखेला सकाळी लढाई, राजाच्या सैन्याचा पराभव, सैन्याने राजाला सोडलं. आपल्या हिशेबाने ग्रहण २० सप्टेंबर आणि लढाई १ ऑक्टोबर, इ.स.पू. ३३१.

ग्रीक म्हणतात राजा आधी पळाला आणि मग सैन्य मोडलं. पाटी म्हणते सैन्याने राजाला सोडलं. दारियसच्या नावावर अडीच हजार वर्षं भित्रा हा शिक्का आहे, आणि एका अनाम ज्योतिषाच्या एका ओळीमुळे तो शिक्का हलतो. दारियसने मैदान सपाट करून घेतलं होतं, कोयतेवाले रथ होते, पंधराएक भारतीय हत्ती होते, सैन्य कितीतरी मोठं. पण सिकंदर रात्री हल्ला करेल या भीतीने त्याने सैन्य रात्रभर शस्त्रांसकट उभं ठेवलं. सिकंदराचे लोक मात्र झोपले होते. पानगळ, तुमचंच म्हणणं पुन्हा आलं बघा, रात्रीचं.

पानगळ (धागाकर्ता)

चाफा, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर ठेवावा असा आहे. दारियस ग्रीकांच्या नजरेतून वाचला आणि मी वरच "पळाला होता" असं ठामपणे लिहून गेलो. गॉगामेलापुरतं ते मागे घेतो.

घाटमाथा

सगळ्यांनी त्याच्या जिंकण्यावर लिहिलं, मला मकरानच्या वाळवंटावर लिहावंसं वाटतं. इ.स.पू. ३२५ ची परतीची वाट. बेत असा, की नेआर्कसचं आरमार किनाऱ्याने धान्य घेऊन येईल आणि सैन्य काठाने विहिरी खणत जाईल. पण मोसमी वारे उलटे, आरमार वेळेवर निघालंच नाही. ६० दिवस ते वाळूतून चालले. धान्याच्या गोण्यांवरची राजमुद्रा तोडून भुकेल्या सैनिकांनी खाल्लं, आणि एका रात्री कोरड्या ओढ्यात अचानक पूर येऊन बाजारबुणगे, बायका-मुलं वाहून गेली. नद्या ओलांडण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही, त्याची माणसं कोरड्या ओढ्यात बुडाली.

शिरस्त्राणातून आणलेलं पाणी त्याने वाळूत ओतलं ही गोष्ट सगळे सांगतात. मला ती बाजारबुणग्यांची रात्र जास्त आठवते. पानिपतावरही आपले यात्रेकरू होतेच.

पानगळ (धागाकर्ता)

भाच्याला धाग्याचा दुवा पाठवला होता. त्याने सगळे प्रतिसाद वाचले आणि पुढचा प्रश्न विचारला: "मामा, पोरसाचं नंतर काय झालं?"

त्याला लिहिलेलं उत्तर इथे देतो. सिकंदर इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बाबिलोनला वारला. त्यानंतर त्याचे सरदार एकमेकांवर उठले, आणि त्या भांडणात हत्तींना सोन्याहून जास्त किंमत आली. पंजाबात युडेमस नावाचा एक सेनानी होता. इ.स.पू. ३१७ च्या सुमारास त्याने पोरसाला दगा देऊन मारलं आणि १२० हत्ती घेऊन पश्चिमेला निघाला. रणांगणातून जो पळाला नाही, तो असा गेला. युडेमस ते हत्ती घेऊन त्या सरदारांपैकी युमेनीसच्या बाजूने अँटिगोनसाविरुद्ध लढला, हरला, आणि अँटिगोनसाने त्याला ठार केलं.

शेवटची लढाई इराणात गाबिएनेला झाली, खारवट, ओसाड मैदानावर. इतकी पांढरी धूळ उडाली की जवळचं माणूस दिसेना. हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. त्या धुळीतल्या हत्तींपैकी काही नऊ-दहा वर्षांपूर्वी झेलमकाठी रात्री-अपरात्री आवाजाच्या दिशेने धावले असतील, असं मला वाटतं.